चंद्रावर गेलेल्या नाकाचे जुळे

मित्रांनो, मी एक जुने नाक आहे. हसू नका. कागदोपत्री माझे नाव लांबलचक आहे, पण प्रयोगशाळेत सगळे मला नाकच म्हणत. चिमूटभर माती तापवायची, तिच्यातून निघणारी वाफ हुंगायची आणि ती पाण्याची की दुसऱ्या कशाची, ते सांगायचे, हे माझे काम. आम्ही जुळे. धाकटे चंद्रावर गेले, मी चाचण्यांसाठी मागे राहिले.

आम्हा दोघांचे सुटे भाग एका तंत्रज्ञ ताईंनी जोडले. हवेतला ओलावा धातूला चिकटून बसतो, म्हणून उड्डाणाआधी नाकाला भट्टीत सहा दिवस वाळवावे लागते. नाहीतर ते स्वतःचाच ओलावा हुंगत बसते. धाकट्याच्या वेळी भट्टी दोन दिवस बंद पडली. तारीख तर डोक्यावर आलेली. ताईंनी त्याला चार दिवसांतच बाहेर काढले आणि वहीत सहा लिहिले. एवढ्याने काय होतंय, असे पुटपुटल्यासुद्धा.

काही महिन्यांनी चंद्रावरून निरोप आला, की मातीत पाणी आहे. प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांचे डोळे भरून आले. टाळ्या ताईंनीही वाजवल्या, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग त्यांनी मला मोजून चार दिवस वाळवले आणि माझ्यात रिकामी वाटी ठेवली. मातीचा कण नाही. तरी पडद्यावर पाणी उमटले, थेट धाकट्याने कळवले होते तेवढेच. मला फार वाईट वाटले, पण हुंगलेले लपवणे मला जमत नाही.

ताई तो आकडा कागदावर उतरवून साहेबांकडे गेल्या. साहेबांनी कागद वाचून विचारले,

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग राहू दे ना."

"सर, त्या पाण्याच्या भरवशावर तिथं माणसं उतरणार आहेत."

बातमी मागे घेतली गेली. ताईंची भट्टी सुटली, त्या आता भांडारात बसतात. मी कपाटात धूळ खात आहे. चंद्रावर खरेच पाणी असेलही, मित्रांनो. धाकट्याच्या शब्दावर मात्र आता कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तेच मला खुपते.

आमची निगा राखा. निगा कमी पडली तर तेही सांगा. चार दिवस झाले असतील, तर वहीत चारच लिहा.