पुलावरची बाई

डाव्या अंगठ्याखालचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं आणि उजवीकडचं मात्र अजून करकरीत, कालच खोक्यातून काढल्यासारखं... डाव्यानं चालायचं, उजव्यानं मान वर करून बघायचं — म्हणजे इतकी वर्षं मी नुसती चालतेच आहे की काय? तिनं व्हिडिओ गेमचा कंट्रोलर उलटा केला, पुन्हा सुलटा केला. सासूबाई त्याला रिमोट म्हणतात. "तुझा तो रिमोट सोफ्याखाली गेलाय गं," असं त्या दर महिन्या-दोन महिन्यांनी सांगतात, आणि ती दर वेळी म्हणते, असू दे, सध्या लागत नाहीये.

आज लागणार होता. ती कामाला होती त्या नकली दातांच्या लॅबमधली भट्टी सकाळीच बंद पडली आणि मालकीणबाईंनी हात वर केले, "जा बायांनो घरी, आज काही दात भाजले जात नाहीत." साडेबाराला ती घरात. सासूबाई नणंदेकडे, नवरा कामावर, मुलगी चारला येणार. साडेतीन तास! असा सलग, कुणाचाही हात न लागलेला वेळ शेवटचा कधी मिळाला होता ते आठवेना. आणि बाईसाहेबांनी केलं काय? ओटा पुसला. कपड्यांच्या घड्या घातल्या. मोज्यांच्या जोड्या लावल्या! वेळ नाही, वेळ नाही म्हणून अख्ख्या घराचं डोकं खाल्लं, आणि वेळ स्वतःच्या पायांनी येऊन समोर बसला तर मला मोजे आठवले... पावणेदोन झाले होते.

अकरा खेळ अर्धवट होते. कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, कारण लॅबमध्ये तिच्या हातून अर्धवट काहीच जात नसे. कवळीतला एक दात केसभर उंच राहिला तर कुणीतरी अनोळखी माणूस महिनाभर नीट जेवणार नाही, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. तिथं ती तासायची, घासायची, चकाकी आणायची आणि डबी बंद करून पाठवून द्यायची. मग घरी असं का होतं? त्यातला सगळ्यात लाडका खेळ तो, राखाडी झग्यातल्या भालेवाल्या बाईचा. ती बाई दोन वर्षं एका पुलाच्या तोंडाशी उभी होती. समोर दगडी राक्षस. तीन-चार महिन्यांनी सवड मिळायची, तोवर बटणं विसरलेली असायची, आपलीच आपल्याला लाज वाटायची, आणि मग ती शहाण्यासारखी ठरवायची — छे, असं नको, पहिल्यापासून नीट सुरू करू. अशी सहा वेळा सुरुवात झाली होती, पुलापाशी सोडलेला जुना खेळ मात्र तसाच साठवलेला राहिला होता. पहिल्या गावातला विहिरीवरचा म्हातारा कोणती तीन वाक्यं बोलतो ते तिला पाठ होतं. स्वतःच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं ते सांगता आलं नसतं.

गेल्या रविवारी मुलगी गणितं सोडवता सोडवता म्हणाली, "आई, ती बाई कायम गावातच राहणार का गं?" नवरा खो खो हसला, "अगं, घर घेतलंय तिनं तिथं!" तीही हसली. मग न्हाणीघरात जाऊन उगीच तोंड धुतलं. लागलं होतं... खूप लागलं होतं. खेळाचं काय एवढं. पण पोरीच्या डोळ्यांत आई म्हणजे नुसती सुरुवात करणारी बाई. तेच तिच्या डोक्यात राहिलं तर?

पडद्यावर दोन ओळी होत्या. नवा खेळ. जुना खेळ, सोडला तिथून. अंगठा सवयीनं पहिल्या ओळीवर गेला — बटणं आठवत नाहीत, नीट शिकून, शिस्तीत, पहिल्यापासून... शिस्तीत! खड्ड्यात गेली शिस्त. तिनं दुसरी ओळ दाबली.

धुकं. पूल. उडी मारायला गेली तर बाईनं भाला खाली टाकला. पळायला गेली तर बाई औषध प्यायली. राक्षसानं एका फटक्यात खाली लोळवलं. पुन्हा. पुन्हा. पाचव्या मरणाला तिनं पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला — औषधाच्या नव्व्याण्णव बाटल्या! अडीअडचणीला म्हणून राखून ठेवलेल्या. कपाटातल्या पाहुण्यांसाठीच्या चादरी अशाच पडून आहेत. बाई गं, याहून मोठी अडचण कसली येणार आहे तुझ्यावर? ढोस. ती एकामागून एक रिचवत सुटली आणि अकराव्यांदा मेली तेव्हा मोठ्यानं हसली. बोटांना हळूहळू आठवत होतं, मेणात दात कोरताना आठवतं तसं, डोक्याला न विचारता. पण राक्षसाचा हात काही केल्या चुकवता येईना... हाताकडे बघतेसच कशाला? तिनं उजवा अंगठा दाबून नजर वर नेली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची छाती दिसली. हात उगारण्याआधी ती फुगत होती. दर वेळी. फुगली की बाजूला हो. फुगली — बाजूला. आता घाल!

"हाणला! हाणला रे हाणला!" ती सोफ्यावर उभी होती. राक्षस भुईसपाट झाला होता, आणि खालच्या मजल्यावरच्यांना काय वाटायचं ते वाटो. भालेवाली पूल ओलांडून गेली, धुकं सरलं, आणि समोर डोंगर, नद्या, तीन-तीन शहरं... तिला वाटत होतं पुलापाशी खेळ संपत आला. अहो, कसला संपतोय! हा तर उंबरठा होता. वाईट वाटायला हवं होतं, पण छातीत नुसता आनंद मावेना.

बेल वाजली. दारात मुलगी. "आई, रडतेयस का?"

"हट्! जिंकले मी. पूल ओलांडला."

"खरंच?" दप्तर दारातच पडलं. "मग संपला गेम?"

"संपतोय कसला! ढीगभर बाकी आहे!" हे तिनं इतक्या ऐटीत सांगितलं की मुलगी बघतच राहिली, आणि मग बूटही न काढता पडद्यापुढे जाऊन बसली.

पुन्हा कधी वेळ मिळेल कोण जाणे. उद्या भट्टी दुरुस्त होईल, कवळ्यांचा ढीग पडेल, तीन महिने जातील, बटणं पुन्हा विसरली जातील... जाऊ देत. विसरले तरी पलीकडेच उभी असेन मी.