कांदाचाळीतली मडकी

पाहुणे यायचे म्हणजे घरातलं भांडं न् भांडं घासून पालथं घातलेलं असायला हवं, हे चिमाबाईंच्या अंगात इतकं भिनलेलं होतं, की त्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. कांदाचाळीत शिरल्या, फळीवरची मडकी, वाडगे, सुरया टोपलीत भरल्या आणि हौदावर आणल्या. सगळ्यांवर पांढरी भुकटी बसलेली. जणू पिठाच्या गिरणीतच ठेवली होती.

"पोरीला कामाच्या नादात पुसायचंबी सुचलं न्हाई," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी नारळाची शेंडी घेतली आणि एकेक भांडं लख्ख घासलं. मग ती सगळी हौदात बुडवून ठेवली. नवं मडकं भिजवल्याशिवाय वापरात घ्यायचं नाही. आखितीच्या आधी जुन्नरच्या बाजारातून केळी आणि करा ही पूजेची मडकी आणायला सासूबाई त्यांना बरोबर न्यायच्या. कुंभाराची सखूबाई मडकी हातात देताना प्रत्येकीला बजावायची, "घरी गेल्या गेल्या पाण्यात घाला गं. तहानलेलं हाय ते." पाण्यात सोडलेलं मडकं बारीक बुडबुडे काढत सूं सूं करायचं, आणि तेव्हा नवी नवरी असलेल्या चिमाबाईंना वाटायचं, खरंच पितंय की हे! नातीची भांडीही तशीच पाणी प्यायली. अंधार पडायच्या आत चिमाबाईंनी ती बाहेर काढून गोणपाटावर पालथी घातली आणि समाधानाने भाकरी थापायला बसल्या.

नात तेजस्विनी तेव्हा घरी नव्हती. ती गॅसची टाकी आणायला जुन्नरला गेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवारी मातीफेरी होती. जुन्नर शहरातले आणि आसपासच्या गावांतले मातीत काम करणारे लोक त्या दिवशी आपापल्या कामाच्या जागा सगळ्यांसाठी उघड्या ठेवणार होते. कुंभारवाड्यातली जुनी घरं होती, शहरात राहायला आलेले दोघे-तिघे कलाकार होते. लोकांनी सकाळपासून एकेक ठिकाण बघत फिरायचं आणि शेवटी पिंपरी पेंढारला यायचं, चिमाबाईंच्या नवऱ्याच्या, भगवंतांच्या मळ्यात. कारण तेजस्विनीची भट्टी तिथे होती, आणि तिथे लोकांसमोर भांडी भाजून निघायची होती.

तेजस्विनी पुण्यात हे काम शिकून दोन वर्षांपूर्वी आजी-आजोबांकडे राहायला आली, तेव्हा कांदाचाळ रिकामी होती. भाव पडला म्हणून भगवंतांनी त्या साली कांदा शेतातूनच विकला होता. "तवर बस तिथं," असं ते म्हणाले आणि तेजस्विनी बसली. चाक आलं, फळ्या आल्या, अंगणात छोटी भट्टी आली. यंदा मात्र कांदा भरघोस आला होता. काढून शेतात पातीखाली झाकून ठेवला होता. तो साठवायला चाळ हवी होती.

आजोबा-नातीचं भांडण झालं नाही. भगवंत भांडणारे नव्हतेच. ते एवढंच म्हणाले, "तेजे, दोन वर्सं झाली. ह्या भट्टीतनं काय निगतं ते मी आजून धड बघितलं न्हाई. रविवारी माज्या डोळ्यांनी बघू दे. बघण्याजोगं असंल तर बघू चाळीचं काय करायचं ते. न्हाईतर सोमवारी कांदा भरतो." तेजस्विनी हो म्हणाली. चिमाबाई तेव्हा ताक घुसळत होत्या. त्यांचा हात थांबला होता.

रविवारी सकाळी तेजस्विनी चाळीत गेली आणि तशीच बाहेर आली.

"आजी, फळीवरची भांडी कुठायत?"

"हौदापाशी. बघ कशी लख्ख केल्यात! किती गं माखली व्हती..."

तेजस्विनी हौदाच्या कठड्यावर बसली. एक वाडगा उचलून तिने तो नुसता हातात फिरवला.

"आजी, ते माखलेलं नव्हतं. ती झिलई होती. भांडी एकदा भाजून घेतली, मग चार दिवस बसून लावलेली. भट्टीत ती वितळते, तेव्हा भांड्याला चमक येते."

चिमाबाईंनी तिच्या हातातला वाडगा घेऊन पाहिला. "मंग आता? परत लाव."

"बादलीत थोडी उरलीय. पण भांडी ओली आहेत. ओल्या भांड्यावर झिलई धरत नाही. आणि ओलं भांडं भट्टीत घातलं तर फुटतं." मग ती उठली आणि आजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे. तू काही मुद्दाम केलंस का? आबांना सांगू नको एवढंच. मी लोकांना चाक फिरवून दाखवीन."

पण चाक फिरवून आबांचं समाधान होणार नव्हतं, हे दोघींना माहीत होतं. चिमाबाईंनी पदर खोचला आणि ऊन वर यायच्या आत शेतात गेल्या. भगवंत कांद्यावरची पात उचलून बघत होते.

"आवं, ऐकलं का? माज्या हातनं इपरीत झालं." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

भगवंतांच्या मिशीत हसू फुटलं. "समदी धुतली?"

"समदी."

"येक बी सोडली न्हाई?"

"हसताय काय! पोरीचं त्वांड बघवंना मला."

"बरं, बरं." भगवंतांनी हातातली पात खाली टाकली. "चाळ गेली तर कांद्यापायी जाऊ दे. तुज्या घासणीपायी गेली तर जल्मभर मला ऐकवशील." आणि ते घराकडे चालूही लागले.

घरी आल्यावर त्यांनी तेजस्विनीला काहीच विचारलं नाही. चाळीच्या दोन्ही बाजूंना तिने लावलेले गोणपाटाचे पडदे तेवढे काढले. पडदे गेले तशी चाळ पुन्हा चाळ झाली. जमिनीपासून उचललेली, फटी-फटींचा लाकडी तळ, बांबूच्या जाळीच्या भिंती, आरपार वारा. कांदा सडू नये म्हणून बांधलेली ती. शेतावरून येणारा मार्चचा कोरडा वारा फळ्यांतून शीळ घालत गेला.

"आण ती मडकी हिकडं. ढीग नगं घालू. कांद्यावानी सुटी सुटी पसर. आन दर घटकेला उलथीपालथी करायची."

"आबा, वाळतील?"

"वल्ला कांदा वाळतुया, मडक्याचं काय घिऊन बसलीस?"

तेजस्विनीने पसरली, चिमाबाईंनी उलटली, भगवंतांनी पुन्हा येऊन सारखी केली. दर खेपेला ते एखादं भांडं उचलायचे, गालाला लावायचे आणि "आजून गार लागतंय" म्हणून ठेवायचे. चिमाबाईंनी पन्नास वर्षं त्यांना कांदा असाच गालाला लावून बघताना पाहिलं होतं. नातीच्या वाडग्याला ते गाल लावतात हे बघून त्या चहा ठेवायला आत पळाल्या.

दुपारी जेवणानंतर भांडी पांढरीफटक, कोरडी झाली. तेजस्विनीने उरलेली झिलई ढवळली आणि भांडी पटापट बुडवायला लागली. थोडीच होती. तळ गाठला तेव्हा काही भांडी राहून गेली. ती तिने बाजूला ठेवली.

तेवढ्यात फाटकाशी गाड्या लागल्या. जुन्नरहून ओतूरमार्गे फिरत फिरत माणसं आली. पुण्याची पोरंपोरी होती, आसपासच्या गावांतल्या बायका होत्या, आणि सगळ्यांत पुढे काठी टेकत कंचनबाई होत्या. आळेफाट्याला त्यांचं कापडाचं दुकान. चिमाबाईंच्या घरातलं प्रत्येक लग्नाचं लुगडं कंचनबाईंच्या हातून मापलं गेलेलं. सून डिंपल गाडी लावत होती.

"चिमाबाई, सकाळपासून मडकी बघतेय! पण एकानंही टिचकी मारू दिली नाही गं. हात लावू नका म्हणतात. टिचकी मारल्याशिवाय मडकं घ्यायचं कसं?"

"हितं मारा टिचक्या. पर ह्या बाजूला ठिवलेल्या कोऱ्या मडक्यांना. झिलई लावल्याल्यांना हात नगं."

कंचनबाईंनी कोरी भांडी एकेक करून वाजवली, मान हलवली, डिंपलला म्हणाल्या, "बघ, भाजलेलं असं बोलतं." डिंपल मोबाईलवर फोटो काढत होती.

भट्टी पेटली. पिंपाएवढी ती, आत गॅसची ज्योत घुमत होती. तेजस्विनी लोकांना सांगत होती: ही जपानकडची रीत, भांडं लालभडक असतानाच चिमट्याने उचलायचं, लाकडाच्या भुशात टाकायचं आणि झाकायचं. मग धूर आपलं काम करतो. लोक ऐकत होते. चिमाबाई मात्र फक्त भगवंतांकडे बघत होत्या. ते भट्टीपासून लांब, बाभळीखाली उभे होते, हाताची घडी घालून.

ऊन कलायला लागलं.

"पोरी, आटपेल ना?" कंचनबाईंनी विचारलं. "आम्हा जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायला हवं."

"आन मावळायच्या आत समद्यांनी निघा," भगवंत तिथूनच म्हणाले. "उसात बिबट्या हाय. काल वस्तीवरचं कुत्रं नेलं." पुण्याची पोरं एकदम जवळजवळ उभी राहिली.

तेजस्विनीने झाकण उचललं. आतली भांडी निखाऱ्यासारखी उजळली होती. लांब चिमट्याने तिने पहिलं उचललं, भुशाच्या डब्यात टाकलं, भुसा भपकन पेटला, तिने झाकण दाबलं. दुसरं, तिसरं. भुसा संपत आला. तिने इकडेतिकडे पाहिलं तेव्हा भगवंत बाभळीखाली नव्हते. ते चाळीच्या कोपऱ्यातून कांद्याची जुनी फोलपटं दोन्ही हातांनी कवळून आणत होते.

"हे चालंल का?"

"चालेल आबा, टाका!"

फोलपटं तडतडत पेटली. डोळ्यांना पाणी आलं सगळ्यांच्या.

धूर निवला. भांडी जराशी थंड झाल्यावर तेजस्विनीने एकेक काढून विटांवर मांडली. लोक पुढे वाकले. भांडी काळी ठिक्कर होती. चुलीवर विसरलेल्या पातेल्यासारखी. कंचनबाईंनी एक हळूच वाजवलं. "अगं, हे तर बद्द वाजतंय."

भगवंत जवळ आले, वाकले, पाहिलं. "जळाली की गं तेजे," ते हळू आवाजात म्हणाले. त्यात टोचणी नव्हती. हेच चिमाबाईंना सहन झालं नाही. माझ्यामुळे, त्यांना वाटलं. दुसऱ्यांदा घाईत लावलेली झिलई, अर्धवट वाळलेली भांडी. माझ्यामुळेच.

तेजस्विनी मात्र हसत होती. तिने बादलीभर पाणी आणलं आणि हौदावरची नारळाची शेंडी आजीच्या हातात दिली.

"आजी, आता घास."

चिमाबाईंनी हात मागे घेतला. "न्हाई बाई. मी न्हाई."

"अगं, आता घासायचीच असतात. खरंच. ही काजळी काढल्याशिवाय काही दिसतच नाही. आणि माझ्यापेक्षा तू बरी घासतेस हे काल कळलंच की!"

सगळे हसले. चिमाबाईंनी एक वाडगा मांडीवर घेतला. आधी भीत भीत, नुसतं कुरवाळल्यासारखं. मग हाताला सवयीचं वळण आलं. काळं पाणी बोटांतून गळालं, आणि खालून पांढरं उजाडलं. दुधावरच्या सायीसारखं. त्यावर बारीक काळ्या रेषांचं जाळं, जसं काढणीनंतरच्या रानाला उन्हात भेगा पडतात तसं.

"तडे गेलेत गं!" कंचनबाई हळहळल्या.

"ती नक्षी आहे मावशी. पाणी गळत नाही बघा," असं म्हणून तेजस्विनीने आत पाणी ओतलं. कंचनबाईंनी वाडगा उचलून खालून हात फिरवला. हात कोरडा होता. "मग हा माझा," त्या म्हणाल्या आणि वाडगा डिंपलच्या हातात देऊन मोकळ्या झाल्या.

लोक पुढे सरकले. ज्याला त्याला आपलं भांडं चिमाबाईंकडूनच घासून हवं होतं. त्या घासत होत्या आणि एकेक उजळत होतं. मध्येच तेजस्विनीने झिलई न लागलेलं एक मडकं पुढे केलं. जागा होती म्हणून तेही तिने आत घातलं होतं. चिमाबाईंनी काजळी काढली. खाली काळसर अंग निघालं, आणि त्यावर तांबूस, पाकळी-पाकळीच्या खुणा. कांद्याच्या फोलपटांच्या.

भगवंतांनी ते मडकं हातात घेतलं. बराच वेळ फिरवलं. मग गालाला लावलं.

"गरम हाय आजून," ते म्हणाले.

दिवस कासराभर उरला तशी माणसं निघाली. कंचनबाईंनी जाता जाता चिमाबाईंचे काळे हात आपल्या हातांत धरले आणि स्वतःचेही काळे करून घेतले. गाड्या दिसेनाशा झाल्यावर तेजस्विनी अंगण झाडायला लागली. चाळीचं कुणीच बोललं नाही. चिमाबाई भाकरीचं पीठ काढायला आत गेल्या, पण कान बाहेर.

बाहेर ठोकाठोकी ऐकू आली. त्या दारात आल्या. भगवंत चाळीच्या मधोमध बांबू रोवत होते. तेजस्विनी दिवटीसारखा मोबाईल धरून उभी होती.

"हिकडच्या अंगाला कांदा," ते बांबूला म्हणाले, नातीला नाही. "तिकडं तू. आन पडदं लावायचं न्हाईत. वारा आडतो."

"पण आबा, सगळा कांदा मावणार नाही."

"न मावू दे. ऱ्हायल्याला बाजारात नेतो." त्यांनी सुतळीची गाठ मारली. "आन कांदाच न्हाई ठेवला तर ती फोलपटं तुला कुणी द्यायची?"

चिमाबाईंनी कपाळाला हात लावला आणि हाताची काजळी कपाळाला लागली. तेजस्विनी ते बघून खो खो हसत सुटली. भगवंतांनीही मान वळवून पाहिलं.

"आता तूच तेवढी ऱ्हायलीस घासायची," ते म्हणाले.