गोळी पोचते का?

आलापल्लीच्या आसपासच्या गावांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी साधनाबाईंची छोटी संस्था काम करायची. अहवाल मात्र भारदस्त असायचा. किती गावं, किती शिबिरं, किती जणांचं रक्त तपासलं, सगळं त्यात असे. दरवर्षी आकडे वाढायचे आणि बाईंना समाधान वाटायचं.

गेल्या वर्षी खुशबू कामावर आली. मूल गावची पोरगी, संख्याशास्त्र शिकलेली. अहवालाचा मसुदा वाचून तिनं विचारलं, "बाई, आजार निघालेल्यांपैकी गोळ्या किती जण घेऊन राह्यले?"

"दर महिन्याले वाटतो ना आपण."

"वाटतो, ते खरं. पण पोचते का?"

बाईंना राग आला. एवढी वर्षं जंगलातून पायपीट केली ती काय उगीच? पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी त्यांनीच खुशबूला सांगितलं, "काढ बरं शोधून."

खुशबूनं वाटपाच्या वह्या आणि दवाखान्याच्या जुन्या नोंदी चाळून माहिती जमवली आणि भिंतीवर एक आलेख लावला. एक रेघ गोळ्या नेणाऱ्यांची, दुसरी दवाखान्यात भरती झालेल्यांची. उन्हाळा लागला की पहिली रेघ कोसळायची आणि दुसरी उसळायची. दरवर्षी तेच. उन्हाळ्यात निम्मे लोकही औषधावर नव्हते.

त्या यादीतल्या एका घरी, रुखमाकडे, दोघी गेल्या. तिची मुलगी आचल दर मे महिन्यात हाडं ठणकून दवाखान्यात जायची.

"उन्हाळ्यात काऊन येत नाई गोळ्या न्याले?" बाईंनी विचारलं.

"कशी येऊ बाई? पहाटेच मोह वेचाले जातो. मंग तेंदूपत्ता तोडा लागते. तुमचं वाटप सकाळी दहाले. हंगाम सोडला तं वर्षभर खाऊ काय?"

परतल्यावर बाईंनी तो आलेख अहवालात घालायला काढला.

संस्थेचे कार्यवाह हेमराजभाऊ म्हणाले, "हे अहवालात नका टाकू. देणगीदार पळतील." बाईंनी आलेखासकट सगळं टाकलं. एक देणगीदार खरंच गेला. दुसऱ्यानं कळवलं, पुढच्या वर्षीही असाच आलेख पाठवा.

या उन्हाळ्यात वाटप संध्याकाळी झालं, तेही तेंदूपत्ता जिथं मोजून घेतात त्या फळीवरच. पानांचे पुडे देऊन झाले की बाया तिथंच गोळ्या घ्यायच्या. उन्हात पाणी किती प्यायचं, तेही खुशबू समजावून सांगायची.

पावसाच्या तोंडावर रुखमा कार्यालयात आली. पळसाच्या द्रोणात चारोळी होती.

"यंदा आचल भरती नाई झाली बाई. मावशीच्या लग्नात नाचली! तुमचे लय उपकार झाले."

बाईंनी द्रोण उचलून खुशबूच्या हातात दिला. "माह्ये नाई, रुखमा. हिनं विचारलं नसतं तं मी अजूनही शिबिरंच मोजत बसली असती. हिचं नाव घे."

खुशबू संकोचली. "मी फक्त विचारलं. कारण तं रुखमाबाईनंच सांगितलं."

"मले कोणी आधी विचारलंच नव्हतं," रुखमा हसून म्हणाली.

तिघींनी चारोळी खाल्ली. मग खुशबू आलेखाकडे वळली. भरतीची नवी रेघ खूप खाली आली होती, पण नदीपलीकडच्या गावांत अजून उंचच होती.

"तिकडं कधी जायचं, बाई?"

"उद्याच," बाई म्हणाल्या. "रुखमा, तूही चाल आमच्या संग."