तिसरा पुकारा

रविवारी संध्याकाळी कारंजापाशी जमणाऱ्या मंडळींना जुनं नाशिक पायी फिरवून दाखवणं हा माझा उद्योग, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी माणसं इतिहासासाठी येतच नाहीत. सराफ बाजार, तांबट लेन, जुन्या पेढ्या हे सगळं ती मोबाइलमध्ये डोकं घालून ऐकतात आणि शेवटी, कित्येक वर्षं बंद असलेल्या दगडी कोर्टापुढे आलो की विचारतात, इथं भूत आहे म्हणे? नाही म्हणालो तर पुढच्या रविवारी काळं कुत्रंही फिरकणार नाही, म्हणून मी एक भूत तयार केलं.

गोष्ट साधी होती. फार वर्षांपूर्वी एका खटल्यात आरोपीच्या बाजूने एकच बाई साक्षीदार होती आणि ती आलीच नाही. शिपायाने व्हरांड्यात येऊन रिवाजाप्रमाणे तीनदा पुकारा केला, ओ आली नाही, बाई गैरहजर ठरली आणि एक निरपराध माणूस फासावर गेला. तो शिपाई म्हणे अजून पुकारतो. इथे मी पायरीवर चढून, छातीतून आवाज काढून बाईचं नाव दोनदा पुकारायचो आणि मग गप्प व्हायचो. तिसरा पुकारा आतून येतो, एवढंच हळूच सांगायचो. भल्याभल्यांच्या अंगावर काटा यायचा.

नाव मात्र शोधावं लागलं. जिवंत माणसाचं नाव असं पुकारू नये, तेवढी अक्कल मला होती. मग बायकोचं माहेरचं नाव आठवलं. लग्नात आईच्या हौसेखातर मी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘तेजस्विनी’ असं लिहिलं होतं, आणि दिंडोरीची सविता पुंजा गांगुर्डे त्या दिवशी संपली होती. सासरे वारले, सासूबाईसुद्धा आता लेकीला तेजूच म्हणतात. इतकं रिकामं नाव दुसरं कुठे मिळणार होतं? तिला हे सांगायचं राहून गेलं. रविवारी ती आईकडे दिंडोरीला असायची.

“रविवारी दिवे लागायच्या वेळेला बागेकडून मला कोणीतरी हाक मारतं,” एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली. “सविता म्हणून.”

“कोण?”

“दिसत नाही. दोनदाच येते हाक. आई म्हणते, ‘वो देऊ नको. दोन हाका कशाच्याबी आसत्यात. मानूस आसंल तर तिसरी मारंल.’ मग मी आपली तिसरीची वाट बघत द्राक्षांत उभी राहते.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उलटली. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. खरं सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती, नाहीतर महिनाभर बोलली नसती. दोन्ही परवडलं असतं. मी एवढंच म्हणालो, “या रविवारी दिंडोरीला जाऊ नकोस. माझ्याबरोबर फिरायला चल.”

ती डोळ्यांपुढे असेल, माझं तोंड बंद असेल, मग हाक मारणार कोण, असा माझा हिशेब होता.

त्या संध्याकाळी ती खुशीत होती. सराफ बाजारात थांबून तिने नथी पाहिल्या, तांबट लेनमध्ये एका घंगाळ्याची घासाघीस करून ते न घेताच पुढे आली. कोर्टापुढे पोचलो तेव्हा दिवे लागत होते. दाराला नेहमीचं गंजलेलं कुलूप होतं. मी इमारतीचा दगड, कमानी, कौलं एवढं सांगून गुंडाळायला लागलो.

“आणि पुकारा?” पुण्याहून आलेले एक गृहस्थ म्हणाले. “आम्ही त्याच्यासाठीच आलोय.”

“आज नाही,” मी म्हणालो.

मंडळी हिरमुसली. एकदोघे परत फिरले, आणि तेवढ्यात बंद दाराच्या आतून आवाज आला.

“सविता पुंजा गांगुर्डे, हाजिर हो.”

एकदाच. आवाज माझा होता. पायरीवर उभं राहून मी काढतो तोच, शेवटी थोडा लांबवलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “स्पीकर कुठे लपवलाय राव?” गृहस्थांनी विचारलं. मी तेजस्विनीकडे धावलो, तिच्या तोंडावर हात ठेवायला, पण मध्ये माणसं होती. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. किती दिवसांनी जीव भांड्यात पडल्यासारखी ती हसत होती.

“तिसरी,” ती मला म्हणाली. “म्हणजे माणूसच आहे.” आणि दाराकडे तोंड करून, बागेतून घराकडे ओरडावं तशी तिने ओ दिली.

पुढे काहीच घडलं नाही. कुलूप जागच्या जागी होतं. मंडळी फोटो काढून पांगली. ती माझ्यामागे गाडीवर बसून घरी आली, चपला नेहमीच्या कोपऱ्यात काढून स्वयंपाकघरात गेली आणि ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसली.

मी उंबऱ्यात उभा राहून तिला हाक मारली, “तेजस्विनी.” तिने मान वर केली नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. तिने तळहाताने ताटातले तांदूळ सपाट केले आणि ती निवडत राहिली.

तिसरी हाक मी अजून मारलेली नाही.