वर इंगळ, खाली इंगळ

मी सोनपेठच्या चन्नबसप्पांच्या घरातला बिडाचा तवा. बोलायची मला सवय नाही. तव्यानं तापावं, भाजावं आणि गप्प बसावं, एवढंच मला ठाऊक. पण यंदा या घरात एक गोष्ट घडली आणि तिच्यात माझाही वाटा आहे. म्हणून बोलतो.

माझा जन्म ओतशाळेतला. मोडका चरक, शिलाई मशीनचे तुटके पाय, असलं भंगार वितळवून मला वाळूच्या साच्यात ओतलं. त्यामुळं घराण्याचा तोरा मला नाही. वजनाचा आहे. कडा चार बोटं उंच, दोन्ही अंगांना कान, वर बिडाचंच झाकण. झाकणालाही काठ आहे, वर ठेवलेले इंगळ, म्हणजे निखारे, सांडू नयेत म्हणून. असा तवा आता कोणी ओतत नाही.

चन्नबसप्पांच्या बायकोनं, सिद्धम्मानं मला इथल्या आठवडी बाजारात घेतलं. तेव्हा ती नवी नवरी होती. आधी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, कान देऊन ऐकलं आणि सासूला म्हणाली, "ह्यो चांगला हाय." नवरा करताना तिला असं वाजवून बघायला मिळालं नसणार.

तिची एक रीत होती. पहाटे मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल पेटायची. पाणी तापलं की चुलीत लाल इंगळ उरायचे. ते वाया जाऊ द्यायचे नाहीत. त्यांच्यावर मला ठेवायचं, आत भरली वांगी मांडायची, झाकण घालायचं आणि चार इंगळ झाकणावर. खालून भाजायचं, वरूनही भाजायचं. नवऱ्याची आंघोळ आणि पूजा होईतो वांगी तयार. घड्याळाचं काम नव्हतं.

चन्नबसप्पांना सगळे आप्पा म्हणतात. आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतल्याशिवाय ते पाणीही पीत नाहीत. लिंगाला निवद दाखवला की तो प्रसाद झाला. तो टाकायचा नाही. खाऊन झालं की ताटात पाणी घालून ताट धुवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. अन्नाला इतकं मानणारं घर भांड्याला सहजी मिळत नाही. मला मिळालं.

पुढं स्वयंपाकाला गॅस आला. हलकी, चकचकीत भांडी आली. मला कोठीत ज्वारीच्या पोत्यामागं ठेवलं. तक्रार नाही. अंगावर गंज चढला, एवढंच. कोठीला दार नव्हतं, त्यामुळं घरातलं सगळं ऐकू यायचं, थोडं दिसायचंही.

यंदा पोळा झाल्यावर एक दिवस आप्पा पूजेनंतर गोळी घेऊन उठताना चक्कर येऊन पडले. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेच्या आजाराच्या गोळ्या उपाशीपोटी घेता म्हणून असं होतं. सकाळी पोटभर खात जा.

घरी आल्यावर मुलगा शंभुराज म्हणाला, "आप्पा, सकाळी खायचं. न्हाईतर शेतात एकट्यानं जायचं न्हाई. बांधावर पडलाव तर कोण बघायलंय?"

"मला भूक न्हाई."

"मग पडलाव कशानं?"

"पाय घसरला. फरशी तूच बसवलीस, गुळगुळीत."

शेत बंद झालं तर हा माणूस ओसरीवरची खुर्ची होऊन बसणार, हे मला कळत होतं. वस्तू होणं काय असतं ते मला विचारा.

खरी गोष्ट वेगळी होती. त्यांचे दात गेले होते. कवळी करून आणली, ती वाटीतल्या पाण्यात पडून असायची. भाकरी चावत नव्हती. आणि ताटात घेतलं की संपवणं आलं. उरवायचं नाही, म्हणून हा माणूस सकाळी ताटच घेत नव्हता. निवदाचा चिमूटभर तुकडा तेवढा चघळायचे. सून शिवरंजनीनं एकदा दुधात भाकरी कुस्करून दिली, तर म्हणाले, "मी काय तान्हं हाय का?"

शिवरंजनी परभणीची. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिनं ओट्स आणले. आप्पांनी पाकिटात हात घालून चिमूट काढली, वास घेतला.

"ही घोड्याची चंदी हाय."

"डॉक्टरांनीच सांगितलंय, आप्पा."

"मग डॉक्टरला घाल."

सिद्धम्मा भाजी निवडत होती. ती म्हणाली, "चंदी खाऊन घोडा पळतो तरी. तुमी बसल्या जागी पडायलाव."

शिवरंजनीनं पहिल्या दिवशी ओट्स शिजवले. ते खळीसारखे झाले. दुसऱ्या दिवशी भाज्या घालून ओव्हनमध्ये ठेवले, तर मधेच लाइट गेली. मिश्रण फुगलं आणि खाली बसलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सिद्धम्मा म्हणाली, "रडू नको. कोठीत एक म्हातारा पडलाय. त्याला बाहीर काढ."

तो म्हातारा म्हणजे मी. त्यांनी मला विटकरीच्या भुकटीनं आणि चिंचेनं घासलं, विस्तवावर तापवलं, तेल चोळलं. माझा काळा रंग परत आला. त्या दोघींचे हात मी विसरणार नाही.

दुसऱ्या सकाळी शिवरंजनीनं ओट्स भाजून भरडले. त्यात दही, थोडं बेसन, खिसलेलं गाजर आणि दुधी, चिरलेली मेथी, मिरची, जिरं घातलं. मग कांदा घेतला.

"कांदा नको," सिद्धम्मा म्हणाली.

"हे काय निवदाला हाय का, आत्याबाई?"

"नको म्हणलं ना."

माझ्या तळाला तेल आणि तीळ पडले. वर ते मिश्रण. मग झाकण, मग इंगळ. आधी चुरचुर झाली, मग आत सगळं हळूहळू धरत गेलं. आप्पांची आंघोळ झाली, पूजा सुरू झाली. तोवर माझं काम झालं होतं. मला उतरवून मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलं.

आप्पा पूजेला चष्मा काढून बसतात. सिद्धम्मानं निवदाचं ताट पुढं सरकवलं. रोज त्यात भाकरीचा तुकडा असायचा. त्या दिवशी माझ्यात भाजलेली चांगली मोठी चतकोर होती. आप्पांनी निवद दाखवला, डोळे मिटले, उघडले, मग चष्मा लावला.

"हे काय हाय?"

"काय की. मला कुठं नीट दिसायलंय. भाकरी समजून ठिवली."

आदल्या दिवशीच तिनं गोधडी शिवायला सुईत दोरा ओवला होता, पहिल्या झटक्यात.

शिवरंजनी घाबरली. "राहू द्या, आप्पा. मी गाईला घालते."

"परसाद हाय आता. ठिव तिथंच."

शंभुराज दारात उभा होता. मग आप्पांनी तुकडा मोडला. वरून खरपूस, आतून मऊ. तोंडात गेला आणि त्यांचा हात थांबला. चावावं लागत नव्हतं. त्यांनी दुसरा तुकडा मोडला, मग तिसरा. सगळं संपवलं. ताटात पाणी घातलं, बोटानं ताट धुतलं, पाणी प्याले.

"यात कांदा न्हाई?"

"न्हाई, आप्पा," शिवरंजनी म्हणाली.

त्यांनी सिद्धम्माकडं पाहिलं. ती दिव्याची वात सारत होती.

"परभणीला नेऊन तुझे डोळे दाखवतो."

"दाखवा की. आधी शेतात जाऊन या."

आप्पांनी गोळी घेतली, काठी घेतली आणि निघाले. शंभुराजनं अडवलं नाही.

आता मी रोज विस्तवावर असतो. पाणी तापलं की आप्पा स्वतः चिमट्यानं इंगळ माझ्या झाकणावर मांडतात. "मधी कमी, कडंला जास्त," असं सुनेला सांगतात, जणू ही युक्ती त्यांचीच. पदार्थाला अजून चंदीच म्हणतात.

माझं मागणं थोडं आहे. मला तारेच्या घासणीनं घासू नका. पुसा, तेलाचं बोट फिरवा, उपडा ठेवा. बाकी मला भरपूर मिळालं. म्हातारपणी काम मिळालं, आणि माझ्यासारख्याच एका म्हाताऱ्याच्या कामी आलो.

सगळे उठून गेले की आप्पा उलथनं घेऊन येतात. माझ्या तळाला लागलेली खरपूड खरवडतात आणि दुधात भिजवून खातात. कोणी बघत नाही, असं त्यांना वाटतं. मी बघतो आणि गप्प बसतो.