झायलीनमधला तुकडा

औरंगपुऱ्यातल्या माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मागच्या खोलीत तंत्रज्ञ नानासाहेब बसायचे, त्यांच्या बरण्या घेऊन. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आधी अल्कोहोलमध्ये ठेवून त्यातलं पाणी काढायचं, मग झायलीन नावाच्या उग्र वासाच्या द्रवात टाकायचा. त्यात तो काचेसारखा आरपार दिसू लागला की लगेच मेणात, म्हणजे तपासायला त्याचे पातळ काप काढता येतात. झायलीनमध्ये जास्त राहिला तर ठिसूळ होतो आणि कापताना त्याचा भुगा होतो. नानासाहेबांचा हात यात असा बसलेला होता की मी मागं फिरकतही नसे.

झायलीनचा वास त्यांच्या बोटांना कायम यायचा. त्यांच्या बायकोला, आवडाबाईंना, त्यानं मळमळायचं. दारात बादली आणि साबण ठेवलेला असे. हात धुतल्याशिवाय नवऱ्याला घरात प्रवेश नाही. यावरून मी त्यांची भरपूर चेष्टा करायचे.

मग एका पावसाळ्यात आवडाबाईंच्याच छातीतल्या गाठीचा तुकडा आला. नखाएवढा.

"दुसरीकडं पाठवू का?" मी विचारलं.

"नको मॅडम. माझ्याच हातानं होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी विचारलं, मेणात गेला का?

"अजून निवळला नाय, आरपार दिसंना."

त्याच्या पुढच्या दिवशीही तेच उत्तर. माझं डोकं फिरलं. मागं जाऊन बरणी खिडकीशी धरली. तुकडा कधीच आरपार झाला होता. त्याच्याखालच्या चिठ्ठीवरचा पेन्सिलीचा नंबर त्याच्यातून स्वच्छ वाचता येत होता.

"नानासाहेब, हा वाया गेला तर त्यांना पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागेल. कळतंय का?"

"समदं कळतंय मॅडम." ते बरणीकडे बघत होते. "पर त्यो ह्याच्यात हाय तवर तिला काय झालेलं नाय."

चिमट्यानं तुकडा उचलला आणि मीच मेणात घातला.

कापायलाही मीच बसले. पहिले काप पात्याखाली चुरा होऊन पडले. नानासाहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटी एक काप अखंड निघाला आणि जीव भांड्यात पडला. तो काचपट्टीवर घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कर्करोगच होता.

मी सांगितल्यावर त्यांनी सवयीनं बरण्यांची झाकणं घट्ट केली. मग म्हणाले, "मॅडम, घरी येता का? माझ्यानं तिला सांगवणार नाय."

त्यांचं घर शहागंजच्या मागं. आम्ही चालतच गेलो. वाटेत काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. अशा बातम्या मी आयुष्यभर कागदावर लिहून दिल्या, तोंडानं सांगायची वेळ क्वचितच आली. मला परत फिरावंसं वाटत होतं.

दारात बादली भरून ठेवलेली होती, वर साबणाची वडी. आवडाबाई समोरच शेंगा सोलत बसल्या होत्या. नानासाहेब बादलीकडे न बघता सरळ आत गेले आणि खाटेवर बसले.

"अवो, हात..." म्हणता म्हणता आवडाबाई थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग दारातल्या माझ्याकडे. मी तोंडही उघडलं नव्हतं. त्या उठून खाटेवर त्यांच्याशेजारी बसल्या आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तसाच, वासासकट.

"बसा मॅडम," त्या म्हणाल्या. "च्या टाकते."

पण त्या उठल्या नाहीत.