मोडलेली वडी आणि बाबाजींची दाढ

मित्रांनो, मी एक जुनी, दोन तुकडे झालेली वडी आहे. खायची नव्हे, दात भरायच्या सिमेंटची. पेडण्याच्या बाजारात डॉक्टर गौरवीचा दवाखाना आहे. तिथल्या खणात, एका प्लास्टिकच्या डबीत मी पडून असते. दुखरी दाढ घेऊन त्या खुर्चीत बसलात, तर मी तुमच्या कोपराजवळच असेन.

माझा जन्म मात्र लाडाकोडात झाला. पार्से गावात गौरवीच्या घरी अजूनही आंब्याचं पान गुंडाळून दात घासतात. तिचे वडील बाबाजी तर ब्रशला हातसुद्धा लावत नाहीत. त्या पानांत कीड मारायची ताकद आहे, हे सिद्ध करायचं गौरवीनं मनावर घेतलं. बाबाजींनी काढून दिलेली पानं तिनं सावलीत वाळवली, कुटली, त्यांचा अर्क काढला. काचेवर सिमेंटची पांढरी पूड घेतली, त्यात आंबट द्रव आणि अर्क घालून भराभर घोटलं आणि साच्यात दाबून आमच्या वड्या पाडल्या. अर्क थोडाच घालायचा होता. पण घरचं पान! तिनं हात सैल सोडला. म्हणून मी उशिरा घट्ट झाले आणि रंगानं पिवळसर निघाले.

मग परीक्षा सुरू झाल्या. जंतू वाढवलेल्या बशीत माझ्या एका बहिणीला ठेवलं, तर तिच्याभोवती जंतू फिरकलेच नाहीत. गौरवी आनंदानं नाचलीच. बाबाजींनी त्याच दिवशी वाड्यावर सगळ्यांना सांगून टाकलं. दुसरी बहीण पाण्यात ठेवली, ती हळूहळू विरघळू लागली. मला दाबयंत्राखाली ठेवलं. साधी वडी जो भार सहज पेलते, त्याच्या अर्ध्यातच मी मोडले. मला त्याची लाज वाटली नाही. मोडून बघण्यासाठीच तर मला घडवलं होतं. अर्क जास्त झालाय, हे चावायच्या दाढेत भरू नकोस, एवढंच मी सांगत होते.

गौरवीनं माझे तुकडे डबीत टाकले आणि खण लावून घेतला. भिंतीवर फोटो लागला तो फक्त बशीतल्या बहिणीचा. ज्या हातांनी मला घोटलं, त्याच हातांनी माझं तोंड बंद केलं.

पुढे बाबाजींचीच दाढ किडली. होय, पानानं घासूनसुद्धा! खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, "गो बाय, आमच्या पानांचां सिमेंट भर हां."

"बाबा, तां अजून..." गौरवी अडखळली.

"वाड्यार सगळ्यांक सांगलंय मी. माझ्या तोंडात नाय, तर कोणाच्या?"

तिला 'नाही' म्हणवलं नाही. काचेवर सिमेंट घोटल्याचा आवाज आला. मी डबीत जीव तोडून ओरडत होते, पण वडीचं कोण ऐकतो?

गावच्या जत्रेत बाबाजींनी गुळाचं कडक खाजं चावलं आणि भरलेलं सिमेंट मोडलं. नुसतं सिमेंटच नव्हे, दाढही उभी चिरली. आता ती काढावीच लागणार होती.

"तुझी चूक नाय गो," दवाखान्याच्या खुर्चीत गाल धरून ते लेकीलाच समजावत होते. "माकाच खाजां खावंक नको होतां. कोणाक सांगूचंय नाय मी. तुझां नाव खराब होतलां."

गौरवीचा हात खणाच्या मुठीवर आला. खण उघडला. मला वाटलं, आता ही मला त्यांच्या तळहातावर ठेवील आणि खरं सांगेल.

तिनं दाढेतून निघालेले पिवळसर तुकडे माझ्या डबीत टाकले आणि खण लावला.

"दाढच जुनी होती मां, बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी घडवाल, तपासून बघाल. मला कौतुक नको, काचेचं कपाटही नको. हातून घडलेलं मोडलं, तर मोडलं म्हणून सांगा. ते लपवलंत, तर तुमच्यावर विश्वास टाकणारं माणूसच त्याची किंमत मोजतं, आणि वर तुमचीच माफी मागतं.

बाबाजी आता एकाच बाजूनं चावतात. दवाखान्यात आले, की बाकावर बसलेल्यांना भिंतीवरचा फोटो दाखवून, लेकीकडे बोट करत म्हणतात, "आमच्या पानांचां हां! माझ्या चेडवान केलां."